भागीरथीकाठची व्यापारी नगरे

मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथीच्या पश्चिम तीरावर अझीमगंज आणि पूर्व तीरावर जियागंज ही जोडनगरे वसली आहेत. राजस्थानातून आलेल्या ओसवाल जैन कुटुंबांनी येथे पेढ्या थाटल्या, मंदिरे उभारली. पुढे हा समाज ‘शहरवाली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १६५२ मध्ये नागोरहून पाटण्यास आलेले हिरानंद शाह हे जगत्‌शेठ घराण्याचे मूळ पुरुष. त्यांचे पुत्र माणिकचंद हे मुर्शिद कुली खानाबरोबर मुर्शिदाबादेस आले.

मरुभूमीतील या माणसांना पाण्याची टंचाई ठाऊक होती. पाण्याचा लहरीपणा मात्र येथेच शिकावा लागला. पावसाळ्यात गंगेचे पाणी भागीरथीत भरभरून येई. हिवाळा सरताच मुखाशी वाळू साचून पात्र उथळ होई. मोठ्या नावा अडत आणि कलकत्त्याचा माल सुंदरबनातून दूरच्या वाटेने न्यावा लागे. त्यामुळे माल केव्हा भरावा आणि किती दिवस गोदामात ठेवावा, हा हिशेब पाण्यावर अवलंबून असे. बांबू आणि चटयांचे आडोसे रोवून प्रवाह एका धारेत वळवीत, म्हणजे वाळू वाहून जाऊन वाट खुली राही. तरीही पाण्याखालचा उंचवटा नावाडीच ओळखी. ते ज्ञान कोणत्याही खतावणीत नव्हते.

१८६३ मध्ये नलहाटी ते अझीमगंज लोहमार्ग सुरू झाला आणि माल बारमाही धावू लागला. ऋतूची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. त्याबरोबर नदीकाठी राहण्याचेही कारण हळूहळू उरले नाही. अनेक कुटुंबे कलकत्त्यास स्थायिक झाली. १९७५ मध्ये फराक्का धरण कार्यान्वित झाले आणि सुमारे ३८ किलोमीटरच्या कालव्याने भागीरथीत उन्हाळ्यातही पाणी येऊ लागले. ज्या पाण्यासाठी पेढ्या खोळंबत, ते आले. परंतु तोवर पेढ्याच उठल्या होत्या. २०२४ मध्ये जवळच नशीपूरच्या पुलावरून रेल्वेने नदीही ओलांडली.

मंदिरांतील पूजा आजही चालू आहे, काठगोल्याच्या उद्यानातील आदिनाथ मंदिरात यात्रेकरू येतात. दर्शनानंतर त्यांनी दोन्ही नगरांमधील नावेतून एकदा पलीकडे जावे. पूर्वजांच्या वैभवाच्या कथा वाड्यांत ऐकू येतात. ज्यांच्या भरवशावर ते वैभव उभे राहिले त्या नावाड्यांचे ऋण मात्र घाटावरच उमगते.