पायथनचा फ्लॅट

गेल्या वर्षी टेक्सासला मावसभावाकडे गेले होते. साहेब बॉल पायथनची पिल्लं काढणार होते! मादीसाठी घर मी निवडलं. ४ फूट लांब, चारही बाजूंनी काच. एकदम सी-व्ह्यू फ्लॅट! तर बाईसाहेबांनी ३ आठवडे खाणंच टाकलं.

"अगं, पश्चिम आफ्रिकेत ही बिळात, वारुळात राहते. तिला व्ह्यू नको, आडोसा हवा," दादा म्हणाला.

मग ३ बाजू झाकल्या. थर्मोस्टॅट लावून एक टोक ३२ अंशांवर ठेवलं, दुसरं २६ वर. दोन्हीकडे अंग चोरून बसता येईल अशा अंधाऱ्या जागा. चौथ्या दिवशी ती जेवली.

यंदा दादाने फोटो पाठवला. ५ अंडी, भोवती तिचं वेटोळं.

काचेचं घर मी माझ्या डोळ्यांसाठी घेतलं होतं. उपाशी राहिली ती.