तंबोऱ्याचं ओझं

गाण्याला वजन असावं असं जाणकार म्हणतात. पण गाण्याच्या वाद्याला किती असावं, याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. मला हा प्रश्न पडला तो वयाच्या साठाव्या वर्षी, आणि तोही डॉक्टरांमुळे. सौ.चा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "अडीच किलोच्या वर काही उचलायचं नाही." तिनं लगेच विचारलं, "आणि तंबोरा?"

सौ. आठवड्यातून दोनदा निपाणीहून बेळगावला गाणं शिकवायला जाते. संकेश्वर, हत्तरगी करत एस. टी. निघते आणि तिच्या मांडीवर तंबोरा आडवा. कंडक्टर मंडळी ओळखीची झाली आहेत. "बाळ भार ऐत्री, बाई" असं कानडीत म्हणतात आणि मराठीत जागा करून देतात. सौ.चं माहेर गोकाककडचं. तिच्या माहेरी या वाद्याला तंबूरी म्हणतात, आमच्याकडे तंबोरा. लग्न झाल्यापासून ते वाद्य आमच्या घरात कधी 'ती' असतं, कधी 'तो'. त्यावरून भांडण मात्र कधी झालं नाही.

तंबोरा तिच्या गुरूंनी दिलेला. शेजारच्या वखारीतल्या काट्यावर ठेवला, तेव्हा ४ किलो ३०० ग्रॅम भरला. त्याची कडक पेटी वेगळी ठेवली, ती ६ किलो! म्हणजे नवरदेवापेक्षा घोडा भारी. पेटी त्याच दिवशी माळ्यावर गेली. सौ.नं जुन्या वाकळेची गवसणी शिवली, आत दोन घड्या पातळाच्या. ती किलोभराच्या आत बसली. तरीही पाच किलो उरलेच.

त्याच सुमारास गणपतीला माझा भाचा बंगळूरहून आला. त्याच्या पाठीवर काळीभोर गिटार, कार्बन फायबरची. मान काढून वेगळी करता येते आणि सगळी विमानातल्या डोक्यावरच्या कप्प्यात मावते. काट्यावर १ किलो ७०० ग्रॅम. मी कौतुक करणार तोच तो म्हणाला, "मामा, अजून दोनशे ग्रॅम कमी करायचे आहेत." विमानात हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा, आणि त्यात त्याचा संगणकही. त्यानं काय काय केलं ते ऐकून मला गंमत वाटली. गिटारीच्या अंगाला हात लावला नव्हता. लोखंडी, दातेरी खुंट्या काढून हलक्या बसवल्या, पट्ट्याची पितळी बटणं बदलली आणि पिशवीतला जाड स्पंज कापला. वजन होतं ते या लवाजम्यात.

कार्बनबद्दल त्यानं सांगितलेलं मला नवं होतं. मला वाटायचं, हे द्रव्य लाकडापेक्षा हलकं असणार. तसं नाही. डिंकात बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांचा तेवढ्याच आकाराचा तुकडा घेतला, तर तो तुणीच्या लाकडाच्या दुप्पट-तिप्पट भरतो. पण तो इतका ताठ की पत्रा अगदी पातळ ठेवला तरी तारांचा ताण सोसतो. शिवाय पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात तडकत नाही. निपाणीचा पाऊस आणि पलीकडे रायबागचं ऊन पाहिलेल्या माणसाला हे फार मोठं वाटतं.

भाच्याला घेऊनच आम्ही मिरजेला गेलो. चिकोडी, कागवाड करत मोटार मिरजेत शिरली की सतारमेकर गल्ली कुणीही दाखवतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब सतारमेकरांपासून या धंद्याला सुरुवात झाली. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी. तलवारी गेल्या आणि ते हात तारांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांतून.

आमच्या कारागिरानं सौ.चा तंबोरा मांडीवर घेतला, तारा छेडल्या आणि तिचं म्हणणं ऐकलं. मग एक वाळका, रिकामा भोपळा माझ्या हातात दिला. केवढा तो घेर, आणि हातात काही आहे असं वाटेना! "साहेब, यात वजन कुठाय? वजन दांडीत आणि तबलीत." भाचा हसला. पातळ, ताठ आणि पोकळ, कार्बनवाले कारखान्यात जे करतात ते मंगळवेढ्याच्या वेलानं आधीच करून ठेवलेलं.

"मग दांडी आतून आणखी कोरा," मी म्हणालो. दांडी मुळात पोकळच असते. आणखी कोरली तर तारांच्या ओढीनं ती पुढे वाकते, तारा घोडीवरून उचलल्या जातात आणि जवारी जाते. जवारी म्हणजे तार घोडीच्या उतारावर ओझरती टेकून जो झणकार देते तो. केसाएवढा फरक पडला तरी तो बिघडतो. म्हणून तर तारेखाली सुताचा धागा सरकवत बसावं लागतं. "दुसऱ्या कुणाचा असता तर बघितलं असतं," कारागीर म्हणाला, "पण गुरूचा तंबोरा मी तासणार नाही, बाई." सौ.च्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली.

भाच्यानं गिटार पुढे केली. कारागिरानं ती उलटीसुलटी करून बोटानं वाजवली. नाक मुरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं उलट विचारलं, "याची नुसती दांडी मिळेल का?" दांडी कार्बनची, भोपळा मंगळवेढ्याचा. दोघं अर्धा तास त्यावर बोलत होते. हिशेब पैशांपाशी अडला.

राहिला तो मार्ग तंबोरा लहान करण्याचा. यातही मेख आहे. ३६ इंचांची तार २७ इंच केली आणि स्वर तोच ठेवला, तर ताण निम्म्याहून जरासाच अधिक उरतो. सैल तार घोडीवर लोळते. ताण राखायचा तर तार जाड घ्यावी लागते, आणि जाड, आखूड तारेचा झणकार लवकर विझतो. सर्वांत मोठा फटका खरजाला बसतो. खरज हीच तर तंबोऱ्याची जमीन.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? खिशातल्या फोनमध्ये तंबोरा असतो. बंगळूरला इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेट्या १९७० च्या दशकाच्या अखेरीसच होऊ लागल्या. सौ.कडे दोन्ही आहेत, आणि ती त्यांना नावं ठेवत नाही. पण तिचं म्हणणं असं, की पोरांनी तारा जुळवताना चुकावं लागतं. षड्ज लागत नाही, लागत नाही आणि एकदम लागतो, तो क्षण फोनमध्ये नाही.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडच्या प्रवासात सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनावर ते उतरले, तंबोरा जुळवून घेतला आणि तिथेच गेले, असं सांगतात. त्या काळी तंबोरे रेल्वेनं सर्रास हिंडत, कारण उचलायला शिष्य असत. आमच्याकडे उचलायला मी, आणि माझी कंबर सर्वश्रुत आहे.

शेवटी वारकऱ्यांची वीणा डोळ्यासमोर आली. सप्ताहात वीणेकरी तासन्‌तास उभा असतो, वीणा खाली ठेवत नाही. ती पेलते गळ्यातल्या पट्ट्यावर. कारागिरानं बिनभोपळ्याचा, चपट्या पेटीचा छोटा तंबोरा करून दिला. तुणीचं लाकूड, चार तारा, २ किलो १०० ग्रॅम, आणि डाव्या खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा. खरजासाठी त्यानं तीन वेळा तार बदलली. चौथ्यांदा म्हणाला, "आता याच्यापुढे लाकूड देणार नाही."

आषाढापासून सौ. पुन्हा बेळगावला जाऊ लागली. लहान पोरींना नवा तंबोरा आवडला, त्यांच्या मांडीवर तो नीट बसतो. मोठ्यांपैकी एक मुलगी मात्र दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "टीचर, केळगिन सा कमी ऐकू येतंय." खालचा सा, म्हणजे खरज. सौ. घरी आली ती खुशीत. अशी तक्रार करणारी पोर तिला बऱ्याच वर्षांनी भेटली होती.

आता महिन्यातून एकदा ती मुलगी तिच्या आईसोबत निपाणीला आमच्या घरी येते, मोठ्या तंबोऱ्यावर गायला. आई कानडीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो. तंबोरा कोनाड्यातून काढून सतरंजीवर ठेवायचं काम त्या मुलीकडे आहे.