पाना फिरवायला जागा

षट्कोनी नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर किती? दीड डी अधिक ३ मि.मी. फर्स्ट इयरच्या पोराला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल. पण त्या नटाभोवती पाना फिरवायला जागा किती लागते, हे आपण कुठल्या शीटवर काढलं? कागदावरचा बोल्ट कायम मोकळ्या मैदानात उभा! प्रत्यक्षात त्याच्या डावीकडे रिब, उजवीकडे केबल आणि समोर आपलाच हात आडवा.

हे ज्ञान मला २०२४ च्या सुट्टीत ओहायोला मामाकडे मिळालं. मामा गॅरेजमध्ये विमान बांधतोय. हसू नका, खरंच! आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया'मध्ये सगळ्यांनी पाहिलंच. मामाचं आरव्ही-७, दोन सीटचं, ॲल्युमिनियमचं. किट विकत मिळतं. पण 'हौशी बांधणी' म्हणून नोंद हवी असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं हवं, असा तिथला नियम.

माझा हात बारीक, म्हणून शेपटीकडचं काम माझ्याकडे आलं. एलिव्हेटरचे हॉर्न पुशरॉडला जोडताना बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना वॉशर लागतात, आणि त्या फटीत बोटसुद्धा शिरत नाही. मग सुरू झाल्या मामाच्या युक्त्या. वॉशरच्या कडेला मास्किंग टेपची शेपटी चिकटवायची, फटीत सरकवायचा, बोल्ट आरपार गेला की शेपटी ओढून काढायची. नट सॉकेटमधून पडू नये म्हणून आत कागदाचा कपटा. स्वस्तातला एक पाना ग्राइंडरवर घासून पातळ केलेला, दुसरा तापवून वाकवलेला. मामाच्या खणातली निम्मी हत्यारं अशी 'जखमी'!

मागून हात जाणारच नाही, तिथे नटप्लेट आधीच रिव्हेट करून ठेवायची. मग पुढून नुसता स्क्रू पिळला की झालं.

पण पोचणं वेगळं आणि खात्री वेगळी. ३/१६ इंची बोल्टच्या नटाला टॉर्क हवा साधारण २० ते २५ इंच-पाउंड. टॉर्क रेंच तिथे जात नाही म्हणून पुढे क्रो-फूट लावायचा. तो काटकोनात लावला तर आकडा तोच राहतो. सरळ रेषेत लावला तर हाताची लांबी वाढते, हिशोब बदलावा लागतो. चला, मोमेंट एकदाची कामाला आली!

एका रात्री मामाच्या हातून एक नट निसटला. 'टिंग' झालं आणि शेपटीत कुठेतरी गडप. मामी म्हणाली, "जेवून घ्या, उद्या शोधा." मामा जागचा हलेना. काठीला बांधलेलं लोहचुंबक, डेंटिस्टसारखा आरसा, टॉर्च... नट सापडला तेव्हा साडेअकरा वाजले होते. जेवताना मामा म्हणाला, "अगं, तो सुटा नट हवेत गेल्यावर कंट्रोलमध्ये अडकला तर? शेजारच्या सीटवर तुझी मामी बसणार आहे." मामी काहीच बोलली नाही. तिने त्याला आणखी एक पोळी वाढली.

घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर मामा रंगाची रेघ ओढतो. नट हलला तर रेघ तुटते. एका नटावर रेघ नव्हती. "तिथे आरसाही जात नाही, पण बसला असेल की," मी म्हटलं. "'असेल' हे माप नाही," तो म्हणाला आणि संपूर्ण जोडणी सोडवायला बसला. दोन तास गेले. मला राग आला होता, आता येत नाही.

कारण विमान उडायला लागल्यावरही दर १२ महिन्यांनी तपासणी असते. म्हणजे आज जिथे हात जात नाही, तिथे दरवर्षी कुणाचा तरी हात जायला हवा.

उद्या आपल्यातलेच काहीजण डिझाइनला बसतील. तेव्हा एवढंच करा, बोल्ट काढून झाला की त्याच्याशेजारी एक मूठ आणि एक पाना काढून बघा. मावत नसेल तर खोडरबर घ्या. कागदावर खोडायला दोन मिनिटं लागतात.