मोजा कुठे संपतो?

पायांचे तलम मोजे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग जाळी, मग किंमत. अंतर्वस्त्रांच्या फिटिंगचं काम करताना मात्र मला पहिला प्रश्न वेगळाच विचारावा लागतो: हा मोजा संपतो कुठे आणि त्याला धरून काय ठेवणार? आत काय घालायचं ते या उत्तरावर ठरतं.

15 मे 1940 रोजी ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनचे स्टॉकिंग्ज अमेरिकेत देशभर विक्रीला आले, तेव्हा ते मांडीपाशी संपत आणि सस्पेंडर बेल्ट किंवा गर्डलच्या पट्ट्यांवर तोललेले असत. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळलं, तशी बायकांनी पायांना रंग फासून पोटरीवर भुवयांच्या पेन्सिलीनं शिवणीची रेघ ओढली. खऱ्या मोज्यावर ती शिवण नुसत्या शोभेची नव्हती. सपाट विणलेलं कापड मागून शिवलं की त्याला पायाचा आकार येई.

1959 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन मिल्सच्या अॅलन गँट यांनी मोजे आणि पँटी एकत्र जोडून ‘पँटी-लेग्ज’ बाजारात आणले. पाठोपाठ मिनीस्कर्ट आला. त्याखाली मोज्याची कड आणि क्लिपा दिसणं कुणालाच परवडणारं नव्हतं, त्यामुळे सस्पेंडर बेल्ट रोजच्या वापरातून झपाट्यानं मागे पडला.

आज तो हौसेनं घेतला जातो, आणि फसगतही इथेच जास्त होते. चार नाजूक पट्ट्यांचा लेसचा बेल्ट दिसतो सुरेख, पण दिवसभर चालायचं असेल तर रुंद पट्टा, सहा पट्ट्या आणि धातूच्या क्लिपा हव्यात. बेल्ट कमरेवर बसला पाहिजे. नितंबांवर उतरला की मोज्यांसकट खाली सरकतो. क्लिप लावताना घुंडी मोज्याच्या वरच्या दुहेरी कडेखाली धरायची, वरून कडी बसवायची आणि घुंडी कडीच्या अरुंद भागात सरकवायची. एकेरी तलम कापडाला क्लिप लावली तर ते फाटतं. मागच्या पट्ट्यांची लांबी बसून तपासावी, कारण बसल्यावर ताण तिथेच येतो. आणि पँटी या पट्ट्यांच्या वरून घालायची. नाहीतर बाथरूमला जाताना दर वेळी सगळ्या क्लिपा सोडाव्या लागतात!

मांडीवर आपोआप टिकणाऱ्या होल्ड-अप्सना हा खटाटोप नाही. त्यांच्या लेसच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या पट्ट्या असतात, त्या त्वचेला धरून राहतात. मात्र मांडीला लोशन किंवा तेल लावलेलं असेल तर त्या घसरणारच. माप उंचीवरून न घेता मांडीच्या घेरावरून घ्यावं. वर अंगाबरोबरचा ड्रेस असेल तर जाड लेसचा उंचवटा बाहेरून दिसतो; तिथे सपाट पट्टीचे होल्ड-अप्स आणि बिनशिवणीची पँटी बरी.

कमरेपर्यंत येणाऱ्या टाइट्सखाली तर लेस नकोच. एका इलॅस्टिकवर दुसरं इलॅस्टिक आलं की कमरेला वळ उठतात.

जाडी डेनियरमध्ये मोजतात: 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 15 डेनियरचा मोजा पारदर्शक असतो; सॅटिन आणि लेसच्या सेटबरोबर तोच शोभतो, पण अंगठीचा कंगोरा लागला तरी उसवत जातो. 60 च्या पुढे पाय झाकला जातो. लंडनच्या थंडीत कामावर जाणाऱ्या मराठी मुलीला तेच उपयोगी.

राहिला रंग. ‘न्यूड’ नावाखाली वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीचीच छटा विकली गेली. 2014 मध्ये लंडनमध्ये अॅडे हसन यांनी ‘न्यूबियन स्किन’ हा ब्रँड सुरू केला, तो सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या बायकांना त्यांच्या रंगाची अंतर्वस्त्रं आणि मोजे मिळावेत म्हणून. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका. नमुन्याचा मोजा हातावर चढवून उजेडात बघा.

पहिल्यांदाच घेत असाल, तर 20 डेनियरचे साधे टाइट्स आणि बिनशिवणीची उंच कमरेची पँटी घ्या. सस्पेंडर बेल्ट नंतर घेतला तरी चालेल, पण घ्याल तेव्हा सहा पट्ट्यांचाच घ्या.