पंचवटी पकडली, टॉय ट्रेन चुकली!

चूक माझीच. सकाळी नाशिकरोडला पंचवटी पकडली, कल्याणला उतरून कर्जत लोकल, नेरळला पोचले तर टॉय ट्रेन केव्हाच डोंगराला लागलेली! इथून वर जाणाऱ्या गाड्या सकाळच्या. नाशिककरांनो, आदल्या रात्रीच कर्जत-नेरळला मुक्काम करा. दुसऱ्या खेपेला मी तेच केलं.

दोन फुटी रूळ, अंतर जेमतेम २१ किलोमीटर आणि वेळ अडीच तासांच्या वर. चिडू नका, मजा त्यातच आहे. वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं. जुम्मापट्टी, मग वॉटर पाईप. वाटेत एक चिमुकला बोगदा लागतो, नाव 'वन किस टनेल'. लांबी नावावरून ओळखा! (सोबत ऑफिसचा ग्रुप असेल तर जरा जपून.)

स्वीडनमध्ये मरीफ्रेडला अशाच चिमुकल्या रुळांवर हौशी मंडळी जुनी वाफेची गाडी जपतात. आपली १९०७ ची, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली गाडी अजून रोजच्या रेल्वेत आहे. वाफ गेली, डिझेल आलं, एवढंच. पण तिचा भरवसा नाही. २००५ च्या पुरात रूळ वाहिले, २०१६ मध्ये डबे घसरल्याने बंद, २०१९ च्या पावसात पुन्हा तेच. नेरळपासूनची गाडी परत धावली थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. पावसाळ्यात तर फक्त अमन लॉज-माथेरान शटल. 'जाऊ कधीतरी' म्हणत मीही तीन वर्षं घालवलीच होती.

वर उतरले तेव्हा बुटांवर लाल माती होती आणि कानात अजून रुळांची खडखड.