चिंच लावायची की नाही

सापडलेल्या नाण्याचा पहिला वैरी म्हणजे ते उचलणाऱ्याचा अंगठा. हे मला लिंकनशायरमधल्या एका शेतात कळलं. गव्हाची कापणी होऊन शेत नांगरलेलं होतं. सकाळपासून मेटल डिटेक्टरला काडतुसांची बुडं, डब्यांची झाकणं आणि कुणा जुन्या कोटाचं बटण एवढंच लागलं होतं. मग कानात एक गोल, नितळ आवाज आला. वीतभर खाली मातीच्या ढेकळात रुपयाएवढी हिरवट चकती होती, तिच्या कडेला दोन-तीन अक्षरांचे उंचवटे. माझा अंगठा आपोआप तिच्याकडे निघाला.

"डोन्ट यू डेअर," शेजारच्या सरीतून माझा सत्तरीतला जोडीदार ओरडला.

त्याचं बरोबर होतं. मातीत वाळूचे कण असतात आणि ते तांब्यापेक्षा कितीतरी कठीण असतात. ओली माती लागलेल्या नाण्यावर अंगठा फिरवणं म्हणजे काचपेपर फिरवणंच. चकती ढेकळासकट डबीत ठेवली, जागेची नोंद केली, खड्डा बुजवला आणि घरी आलो. खरी परीक्षा घरी होती. डबी टेबलावर, सिंक चार पावलांवर.

नाणी स्वच्छ करण्याचा संस्कार माझ्यावर फार लवकर झालेला आहे. आमच्या देवघरात एक शिवराई होती. दसरा-दिवाळीला आजी ताम्हन, पळी, निरांजनं परसात घेऊन बसायची आणि चिंचेच्या कोळात राख कालवून सगळं घासायची. त्यात शिवराईही असे. चिंचेतल्या आम्लानं तांब्यावरचा काळा थर झटकन सुटतो, राखेनं उरलेला निघतो आणि खालून गुलाबी तांबं हसायला लागतं. "बघ, कशी लखलखली," म्हणून आजी ती माझ्या तळहातावर ठेवायची. लखलखायची खरी. पण एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असायला हवं, तिथे मला आठवतंय तेव्हापासून नुसती 'श्री'ची एक वेलांटी होती. बाकीची अक्षरं कित्येक दसऱ्यांच्या चिंचेबरोबर वाहून गेलेली.

इंग्लंडात हा छंद लागल्यावर पहिल्या वर्षी मी आजीच्या पुढे एक पाऊल टाकलं. शेतात मिळालेलं रोमन नाणं मिठाच्या पाण्यात सोडलं, त्याला जुन्या चार्जरची वायर जोडली आणि चहा करायला गेलो. परत आलो तर पाण्यावर हिरवा फेस आणि तळाशी खड्डे पडलेली गुलाबी चकती. राजाचं डोकं गायब. सोळा-सतराशे वर्षं मातीत टिकलेलं डोकं एका कप चहाच्या वेळात गेलं होतं.

असं का होतं, हे समजायला मला बरेच दिवस लागले. आपण गंजाला मळ समजतो: खाली नाणं आणि वर घाण. मातीतल्या तांब्याचं तसं नसतं. शतकानुशतकं ओल, क्षार आणि हवा लागून तांबं बाहेरून आत बदलत जातं. धातूला लागून लालसर थर तयार होतो, त्यावर हिरवा. टाकसाळीतून निघालेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे ठशानं उमटवलेली अक्षरं आणि चेहरा, पुष्कळदा या थरांमध्येच उरलेला असतो. खालच्या धातूत तो नसतोच. अक्षरं गंजात उतरलेली असतात. आम्लानं किंवा विजेनं गंज काढून टाकला की नाणं 'स्वच्छ' होतं आणि मुकं होतं.

सोनं मातीतून जसंच्या तसं निघतं, पाण्याखाली धरलं की झालं. चांदी काळवंडते, तिलाही फार तर शुद्ध पाणी, आणि घासायचं नाही. कसोटी लागते ती तांब्याची आणि तांबं मिसळलेल्या हिणकस नाण्यांची. त्यावर छंदिष्टांकडे उपाय मात्र ढीगभर: व्हिनेगर, लिंबू, कोला, ऑलिव्ह तेल. तेल निरुपद्रवी वाटतं, पण महिनोन् महिने नाणं त्यात बुडवून ठेवलं तर त्यातलं सौम्य आम्लही थर पोखरतं. घासलेल्या नाण्याची किंमत बाजारात घसरते, हे संग्राहक सांगतातच. मला मात्र पैशापेक्षा वाचनाची चिंता अधिक वाटते. घासलेलं नाणं पुन्हा वाचता येत नाही.

म्हणून या वेळी डबी तशीच नेली. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना 1997 पासून चालू आहे आणि आजवर 15 लाखांहून अधिक वस्तू तिथे नोंदल्या गेल्या आहेत. एकटं तांब्याचं नाणं कायद्यानं 'खजिना' ठरत नाही, ते दाखवणं आपल्या मर्जीवर असतं. नोंदणी अधिकारी बाईंनी ढेकूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, पाण्याचा एक थेंब सोडला आणि मला बघायला बोलावलं. जाड मानेचा दाढीवाला चेहरा, डोक्यावर किरणांचा मुकुट: कॅराउसियस. रोमन आरमाराचा हा सेनापती इ.स. 286 मध्ये बंड करून ब्रिटनचा सम्राट बनला आणि 293 मध्ये त्याच्याच अर्थखात्याच्या माणसानं, अलेक्टसनं, त्याचा खून केला.

"आता इथे बघा," बाई म्हणाल्या. दाढीच्या खाली, हिरव्या थरात, मुकुटाचं आणखी एक टोक होतं. उलट दिशेला. कॅराउसियसला घाई होती. सैन्याचे पगार भागवायला त्यानं आधीच्या सम्राटांच्या नाण्यांवरच स्वतःचा ठसा मारून घेतला होता. माझ्या नाण्यावर दोन राजे होते आणि त्यांतला खालचा केसाएवढ्या जाडीच्या गंजात टिकून होता.

मला एकदम नाशिक आठवलं. तिथून जवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. नहपानाचा चेहरा खाली आणि सातवाहनांची चिन्हं वर. कोण हरला आणि कोण जिंकला, हे एकाच चकतीवर वाचता येतं. एखाद्या उत्साही माणसानं ती नाणी लखलखीत केली असती तर?

अक्षरांचंही तसंच आहे. कॅराउसियसच्या काही चांदीच्या नाण्यांवर तळाशी 'आरएसआर' अशी बारीक अक्षरं असतात. ती कवी व्हर्जिलच्या सुवर्णयुगाबद्दलच्या ओळीतली आद्याक्षरं आहेत, असा अर्थ इतिहासकार गाय द ला बेदोयेर यांनी 1990 च्या दशकात लावला. बंडखोर म्हणत होता की सुवर्णयुग परत आलंय! नाण्याच्या कडेशी असलेली ही अक्षरं घासताना सगळ्यांत आधी जातात.

हात आवरण्याचा थोर नमुना म्हणजे डेव्ह क्रिस्प. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ त्यांना नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. थोडी नाणी हाती येताच त्यांनी खोदणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. मडकं थराथरानं रिकामं केलं गेलं, 52,503 नाणी निघाली. थोडी थोडी करून साठवलेली असती तर सगळ्यांत उशिराची नाणी वर असायला हवी होती. त्यांतली बरीचशी तळाकडे मिळाली. म्हणजे मडकं एकाच वेळी भरलं असावं. सगळी एकत्र ओतून धुतली असती तर हे कुणाला कळलं असतं?

माझ्या साताऱ्याच्या भाच्याला हे ऐकून डिटेक्टर घेऊन गडावर जायचं होतं. त्याला सांगितलं, बाबा रे, तिकडचा कायदा वेगळा आहे. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणता येत नाही. जमिनीत 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही गाडलेलं सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तू आपला जुन्या बाजारात फीर.

काहीच करायचं नाही, असंही मात्र नाही. नाण्यावर पोपटी, भुरभुरीत ठिपके दिसले तर थांबून चालत नाही. तांब्यात मुरलेले क्षार दमट हवेत पुन्हा जागे होतात आणि नाणं आतून खातात. अशा वेळी ते कोरडं ठेवून तज्ज्ञाच्या हाती द्यायचं. पितळी भांड्यात ताक कळकतं तेव्हा आपण ताक टाकून देतो. इथे भांडंच कळकत असतं.

माझ्या नाण्याला तो रोग नव्हता. बाईंनी हत्यार दाखवलं तेव्हा हसूच आलं. साळिंदराचा काटा! टोकदार, पण तांब्यापेक्षा मऊ. शुद्ध पाण्याचा एक थेंब, काट्यानं मातीचा एक कण आणि सूक्ष्मदर्शकातून सतत पाहणं. अकरा संध्याकाळी त्यात गेल्या. माती आणि गंज यांचा रंग जवळजवळ सारखा असतो. फरक काट्याला कळतो. माती चुरते, गंज काट्याला अडवतो. अडला की हात मागे. मागच्या बाजूला शांतिदेवतेचा हात दिसू लागला, पण तिच्या पायाशी थर पापुद्र्यासारखा हलत होता. तिथे थांबलो. पायाशी काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पुढे कुणाच्या हातात माझ्यापेक्षा बरं हत्यार असेल, तो वाचेल.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर नाणं दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. "एवढा खटाटोप केलास आणि हे असंच मळकट? तिकडे चिंच मिळत नाही का रे?"

"मिळते की."

"मग?"

तिच्यामागे देवघर दिसत होतं आणि देवघरात ती गुळगुळीत शिवराई. दसरा चार दिवसांवर होता. या वेळी तिला चिंच लावू नकोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण माझं नाणं सतराशे वर्षं कुणाच्या हातात नव्हतं, आणि ती शिवराई एकही दसरा हाताविना राहिलेली नाही. तिची अक्षरं पूजेत झिजली आहेत.

"हे तसंच ठेवतात," म्हणालो आणि विषय बदलला.