छतातले दिवे आणि फ्रिजजवळची चप्पल

आमच्या राहुरीच्या घरात फ्रिजसमोर कायम एक चप्पल असते. निळी, रबरी, अंगठ्याची. फ्रिज उघडायचा तर आधी ती पायात सरकवायची, मग हँडलला हात. पाहुणे आले की आई सांगते, "चप्पल घाला हं, जरा झिणझिणतं." पाहुण्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांच्याकडे अशीच एक चप्पल गिझरच्या बटणाखाली असते.

मी अणुविद्युत आणि दूरसंचार शाखेचा इंजिनिअर. पहिल्या वर्षाला 'बेसिक इलेक्ट्रिकल' चांगल्या मार्कांनी काढलेला. आणि इतकी वर्षं मीही मुकाट्यानं ती चप्पल घालत आलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

तर झालं असं, की ताईचं लग्न ठरलं. साखरपुडा घरीच करायचा, आणि त्याआधी हॉलला ते छतातले दिवे पाहिजेत असं आईनं जाहीर केलं. मामांच्या नव्या घरात तिनं ते पाहिले होते. जिप्समचं खोटं छत, त्यात गोल भोकं, भोकात दिवे. मी फोनवर म्हणालो, "अगं, दिवे मीच बसवतो. त्यात काय, दोन वायरी तर जोडायच्या!" हापिसात दिवसभर दुसऱ्यानं लिहिलेला कोड निस्तरणाऱ्या माणसाला घरात काहीतरी हातानं करायची फार हौस असते. आठ दिवे, प्रत्येकी ९ वॅट, म्हणजे एकूण ७२. आधीच्या दोन ट्यूबलाइट चोकसकट याहून जास्त खात होत्या. मग वायरींवर ताण येण्याचा प्रश्नच नाही. गणित बरोबरच होतं. पण धोका त्या गणितात नव्हताच.

शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. (नगर-मनमाड रस्त्यावर एक वेगळा लेख होईल, इथे नको.) घरी पोचलो तेव्हा छताची लोखंडी चौकट बसली होती, पाट्या लागायच्या होत्या. आई खाली उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "सगळ्या वायरी तिकडं वर झाकून जाणार ना रे? मग काही झालं तर कळणार कसं?"

ती असं का विचारत होती ते आम्हा नगरकरांना सांगावं लागत नाही. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात अजून नगरच येतं.) ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. पहिला अंदाज शॉर्टसर्किटचा होता. तेव्हापासून आई बाहेर जाताना घरातलं एकेक बटण बंद करून जाते. तिच्या प्रश्नाला मी "काही होत नाही गं" असं उत्तर दिलं. इंजिनिअरनं देऊ नये असं उत्तर आहे ते.

अण्णांनी मात्र मला न विचारताच वायरमनकाकांना बोलावलं होतं. काका आयटीआयचे तारतंत्री. पूर्वी मुळा-प्रवरेत होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या भागात वीज सरकारी मंडळाची नव्हती, मुळा-प्रवरा नावाच्या सहकारी संस्थेची होती. संस्थेचा परवाना २०११ च्या जानेवारीअखेर संपला आणि मग महावितरण आलं. मी लहानपणी अभ्यास केला तो मुळा-प्रवरेच्या उजेडात, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत रॉकेलच्या. असो.

मी जरा नाराजीनंच म्हणालो, "काका, मी करणार होतो." काका म्हणाले, "करा की. दिवा गेला तर नवा लावा, बटण बदला, कोण नाय म्हणतंय? पण नवी लाइन ओढायची तर परवानावालाच पायजे." मी मोबाईलवर शोधलं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत खरंच तसंच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला घरमालकाला मुभा. वायरिंगमध्ये भर घालायची तर परवानाधारक ठेकेदार आणि वायरमन. माझी पदवी त्यात कुठेच बसत नव्हती. :)

काकांनी छताकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "घरात कुठला दिवा बंद करूनबी मिणमिणतो का?"

मिणमिणतो ना! बोळातला एलईडी. आई खूष होती त्याच्यावर, रात्री उठलं की फुकट उजेड. काकांनी बटण बंद ठेवून बल्ब काढला, होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. म्हणजे बटण फेजवर नव्हतं, न्यूट्रलवर होतं. असं बटण बंद केलं की दिवा विझतो, पण वीज दिव्याच्या दारात उभीच असते. जुन्या पिवळ्या बल्बला एवढीशी गळती समजायची नाही, एलईडीला समजते. हॉलची दोन बटणंही तशीच निघाली. मी 'बटण बंद आहे' म्हणून शिडीवर चढणार होतो.

मग मी माझा मल्टिमीटर काढला, काहीतरी आपलंही दिसावं म्हणून. फेज ते न्यूट्रल २३१ व्होल्ट, ठीक. फेज ते अर्थ तेवढेच यायला हवेत. आले ८७. काका हसले. "अर्थिंग हाय, पण जमिनीला माहीत नाय."

हिरव्या वायरीचा माग काढत आम्ही घराच्या मागे गेलो. खिडकीतून बाहेर पडून ती भिंतीवरून खाली उतरली होती आणि नळाच्या लोखंडी पाइपाच्या एका तुकड्याला गुंडाळली होती. तुकडा वीतभर. पुढे प्लास्टिकची पाइपलाइन.

जुन्या घरांत नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थिंग द्यायचे. मुळात ती पद्धत चुकीचीच, पण पाइप जमिनीत होता तोवर निभावलं. मग कधीतरी प्लंबरनं गंजलेली लाइन काढून प्लास्टिकची टाकली. त्यानं त्याचं काम चोख केलं. त्याच दुपारी आमच्या घराचं अर्थिंग गेलं आणि ते कुणालाच कळलं नाही. दिवे लागत होते, पंखे फिरत होते.

मी आईला विचारलं, "ती चप्पल कधीपासून आहे गं?"

"तू दहावीला होतास."

"आणि नळ कधी बदलले?"

आईनं जरा आठवलं. "त्याच उन्हाळ्यात की."

मला भर उन्हात गार वाटलं. आई पुढे सहज म्हणाली, "दिवाळीपासून जरा जास्त झिणझिणतं. तुला कशाला सांगायचं, तुझी कामं असतात."

दिव्यांचं काम बाजूला पडलं. अण्णांनी गडी बोलावला, परसात खड्डा खणला. पाइप, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. आमच्याकडे पाऊस आधीच कमी, मे महिन्यात जमीन भाजलेल्या भाकरीसारखी होते. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. काका आईला म्हणाले, "वहिनी, तुळशीला घालता तसं यालाबी घाला, आठवड्याला एक बादली." संध्याकाळी पुन्हा मोजलं, फेज ते अर्थ २२९. सगळी बटणं फेजवर घेतली.

मग मुख्य बोर्डात आरसीसीबी बसवलं. राहुरीच्या दुकानात त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. हे उपकरण मला मनापासून आवडलं. ते फक्त हिशेब ठेवतं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद. तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. मी समजत होतो की एमसीबी असतं की आपल्याला वाचवायला. दिव्यांच्या लाइनचं एमसीबी ६ अँपिअरचं, म्हणजे ३० मिलिअँपिअरच्या २०० पट. ते वायर वाचवतं. माणूस त्याच्या हिशेबात नाही.

आरसीसीबी चालू केलं, आणि ते पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा पडलं. काका एकेक प्लग काढत गेले. फ्रिजचा काढला आणि ते टिकलं.

फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे खाली, जिथे वायर आत शिरते तिथे, उंदरानं ती कुरतडली होती. तांबं उघडं पडून पत्र्याला टेकायच्या बेतात होतं. ओल आली की टेकतही असेल. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फ्रिज पुन्हा जागेवर सरकवला नाही, तसाच स्वयंपाकघराच्या मध्ये उभा ठेवला, नवी वायर येईपर्यंत.

छताचं काम पुढच्या वीकांताला झालं. मी काकांच्या हाताखाली. दीड चौरस मिलिमीटरची वायर, आणि खोट्या छतातही ती मोकळी टाकायची नाही, पाइपातूनच न्यायची. कारण पाट्या ठोकणाऱ्याचा एक स्क्रू वायरीत घुसला की सगळी लोखंडी चौकट जिवंत होते. म्हणून चौकटीलाही एक हिरवी वायर. वायरी पिळून काळी टेप गुंडाळायची नाही. छतातल्या उष्णतेनं टेपचा डिंक सुटतो. कनेक्टर लावायचा, तो डबीत, आणि डबी अशा जागी की दिवा खाली ओढला की हाताला लागेल. दिव्याबरोबर येणारा पांढरा डबा, ड्रायव्हर, तो गरम होतो. त्याच्याभोवती मोकळी हवा हवी. आणि पंखा स्लॅबच्या हुकालाच, छताला नाही. पाट्या लावण्यापूर्वी काकांनी मला वरच्या सगळ्या वायरींचे मोबाईलवर फोटो काढायला लावले आणि ते अण्णांना पाठवायला लावले. म्हणाले, "उद्या मी नसन, तुमी पुण्याला. कोण आला तर त्याला दिसाया पायजे वर काय हाय ते." आमच्या कंपनीत एवढं डॉक्युमेंटेशन कुणी करत नाही.

भोकं मात्र मी पाडली. सात बरोबर आली.

साखरपुडा छान झाला. फोटोंत सगळ्यांचे चेहरे उजळ आलेत, फक्त व्याह्यांच्या डोक्यावर एक अंधारा गोल आहे. दर रविवारी मी फोनवर विचारतो, "आई, खड्ड्यात बादली ओतलीस का?" ती म्हणते, "ओतली. आठवा दिवा कधी बसवतोस?"

चप्पल अजून फ्रिजसमोरच आहे. आता काही होत नाही हे तिला पटलंय, आरसीसीबीचं ते टेस्टचं बटणही ती दर महिन्याला दाबते. तरी फ्रिज उघडताना तिचा पाय आपसूक तिकडे जातो. गेल्या वेळी घरी होतो तेव्हा माझाही गेला.